भाड्याचं दुकान, मालकीचा माल: ऑनलाइन विक्रीचं क्लाउड सॉफ्टवेअर पहिल्यांदा घेताना

ऑनलाइन दुकान थाटायला निघालेला नवा माणूस सगळ्यात आधी थीम बघतो. बॅनर सरकता हवा की स्थिर, लोगो डावीकडे की मधोमध, बटण हिरवं की निळं. यात आठवडा जातो. मग उरलेल्या दोन दिवसांत घाईघाईनं माल चढवतो आणि तिथेच सगळं फसतं. मी बरीच वर्षं लोकांना अशी दुकानं उभी करून देतोय. रंगामुळे अडकलेलं दुकान अजून पाहिलेलं नाही. मालाच्या यादीमुळे अडकलेली मात्र मोजायचं सोडून दिलं. म्हणून या लेखात क्रम उलटा आहे. यादी आधी, थीम जवळजवळ शेवटी.

भाड्यानं नेमकं काय मिळतं

क्लाउडवरचं ई-कॉमर्स सॉफ्टवेअर म्हणजे सर्व्हर, डेटाबेस, सुरक्षेचे अपडेट आणि चेकआउटचं, म्हणजे पत्ता देऊन पैसे भरायचं, पान हे सगळं कंपनीच्या यंत्रांवर. तुम्हाला ब्राउझरमध्ये उघडणारं एक लॉगिन मिळतं. एकाच सॉफ्टवेअरवर हजारो दुकानं चालतात. त्यातलं 'तुमचं' म्हणजे तुमचा डेटा आणि तुमची सेटिंग्ज, एवढंच. सेलच्या रात्री अचानक गर्दी झाली तर सर्व्हरची डोकेदुखी त्यांची. पण त्यांनी एखादी सोय बदलली किंवा बंद केली, तर 'मला जुनंच राहू द्या' म्हणायची सोय नाही.

ही कल्पना बरीच जुनी आहे. पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी १९९५ मध्ये 'व्हायावेब' काढलं, ते ब्राउझरमधूनच दुकान उभं करायचं सॉफ्टवेअर होतं. १९९८ मध्ये याहूनं ते विकत घेतलं आणि त्याचं 'याहू स्टोअर' झालं. आजची बरीच माहितीतली नावं नंतरची: शॉपिफाय २००६ चं, बिगकॉमर्स २००९ चं. शॉपिफायचा जन्म तर एका दुकानातूनच झाला. टोबियास लुटके स्नोबोर्ड विकत होता, त्याला हवं तसं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यानं स्वतः लिहिलं.

वूकॉमर्सचा प्रकार वेगळा. २०११ मध्ये आलेलं हे वर्डप्रेसचं प्लगइन फुकट मिळतं, पण होस्टिंग, बॅकअप आणि अपडेट तुमच्या गळ्यात. ते वाईट नाही. रात्री दोन वाजता साइट बंद पडली तर उठणारा माणूस घरात असेल तर ते उत्तम आहे. नसेल तर भाड्याचं घ्या.

पायरी १: दहा वस्तूंचा कागद

कुठल्याही कंपनीचं पान उघडण्याआधी एक स्प्रेडशीट उघडा. त्यात दहा वस्तू लिहा. सोप्या नकोत, मुद्दाम त्रासदायक घ्या. साधा कप कुठेही विकता येतो. सॉफ्टवेअरची परीक्षा अवघड मालावर होते.

उदाहरण म्हणून शर्ट घेऊ. चार साइझ, सहा रंग. म्हणजे एका वस्तूचे २४ व्हेरियंट. पूर्ण बाही आणि अर्धी बाही जोडली की ४८. यातल्या प्रत्येकाला स्वतःचा स्टॉक, स्वतःचा एसकेयू म्हणजे तुमचा मालाचा कोड, आणि कधीकधी स्वतःची किंमत. आता कोणी म्हणालं, 'कॉलरही दोन प्रकारची आहे', तर पर्याय चार झाले: साइझ, रंग, बाही, कॉलर. शॉपिफायमध्ये एका वस्तूला मुळात तीनच पर्याय देता येतात. चौथा हवा असेल तर वस्तू दोन भागांत तोडावी लागते किंवा वेगळं अ‍ॅप (दुकानाला जोडायचा जास्तीचा प्रोग्राम) लावावं लागतं. हे पैसे भरायच्या आधी कळलं तर बरं.

शर्टाखेरीज अजून काही नमुने कागदावर असू द्या. मीटरवर विकलं जाणारं कापड घ्या, कारण बऱ्याच सॉफ्टवेअरना दीड मीटर कळत नाही, नग पूर्णांकातच लागतात. तीन वस्तूंचा संच घ्या: संच विकला गेला की तिन्ही वस्तूंचा स्टॉक आपोआप एकेकानं उतरायला हवा. नाव कोरून द्यायची वस्तू, वजनदार वस्तू, आकारानं मोठी पण हलकी वस्तू, आणि डाउनलोड करून द्यायची फाइल, यातलं जे तुम्ही विकता ते लिहा.

रकाने साधे ठेवा: नाव, एसकेयू, पर्याय, किंमत, स्टॉक, पॅक केल्यावरचं वजन, पेटीची लांबी-रुंदी-उंची, फोटोच्या फाइलचं नाव, वर्णन. एसकेयू एकदा ठरवला की बदलायचा नाही. त्यात किंमत किंवा वर्ष घालू नका, दोन्ही बदलतात.

हा कागद तुमचा. पुढे सॉफ्टवेअर बदललं, थीम बदलली, डिझायनर पळून गेला, तरी हा तुमच्याकडेच राहणार.

पायरी २: दोन-तीन नावं निवडा आणि खरा खर्च मोजा

प्लॅनच्या पानावर जी रक्कम मोठ्या अक्षरात असते ती खर्चाचा एक तुकडा आहे. बाकीचे तुकडे असे: पेमेंट गेटवेची, म्हणजे ग्राहकाचे पैसे घेऊन तुमच्या खात्यात पोचवणाऱ्या सेवेची, टक्केवारी, कंपनीचा स्वतःचा गेटवे न वापरल्यास काही ठिकाणी लागणारी जास्तीची टक्केवारी, अ‍ॅपचं मासिक भाडं, आणि विक्री ठरावीक आकड्याच्या वर गेली की सक्तीनं घ्यावा लागणारा वरचा प्लॅन.

टक्केवारी दिसते किरकोळ. शंभराच्या विक्रीत तुमच्या हाती वीस उरत असतील आणि गेटवेनं दोन, सॉफ्टवेअर कंपनीनं दोन घेतले, तर गेले चारच. पण ते शंभरातले नाहीत, वीसातले आहेत. नफ्याचा पाचवा हिस्सा गेला. त्यामुळे तुलना करताना आपल्या अपेक्षित महिन्याच्या विक्रीवर पूर्ण हिशेब मांडा. कधीकधी महागडा दिसणारा प्लॅन शेवटी स्वस्त पडतो.

अपटाइमचा आकडाही नीट वाचा. '९९.९ टक्के' म्हणजे वर्षाला जवळपास पावणेनऊ तास दुकान बंद राहिलं तरी कंपनीनं शब्द पाळला. '९९.९९ टक्के' म्हणजे साधारण ५२ मिनिटं. शिवाय तो करारात लिहिलेला आहे की फक्त जाहिरातीत, ते बघा.

आणि विक्री प्रतिनिधीला हा प्रश्न विचाराच: 'मला उद्या सोडून जायचं असेल तर काय काय बरोबर नेता येईल?' उत्तर देताना माणूस किती अडखळतो त्यावरून बरंच कळतं.

पायरी ३: ट्रायलमध्ये माल घाला आणि लगेच बाहेर काढा

बहुतेक कंपन्या थोडे दिवस फुकट वापरायला देतात. ते दिवस थीमवर घालवू नका. कागदावरच्या दहा वस्तू हातानं एकेक करून चढवा. कंटाळवाणं काम आहे, पण कुठला रकाना कुठे जातो ते यातच समजतं. मग लगेच एक्स्पोर्ट करा आणि आलेली फाइल आपल्या कागदाशेजारी ठेवून पाहा. व्हेरियंट सुटे आले का? फोटोंच्या लिंक आल्या का? पेटीची मापं आली की फक्त वजन आलं?

काही गोष्टी कुठूनच बरोबर नेता येत नाहीत. ग्राहकांचे पासवर्ड परत न उलगडता येणाऱ्या रूपात साठवलेले असतात, त्यामुळे दुकान हलवलं की ग्राहकांना नवीन पासवर्ड करावा लागतो. अ‍ॅपमधून गोळा केलेले रिव्ह्यू त्या अ‍ॅपकडे असतात, दुकानाकडे नाही. थीम तर त्याच सॉफ्टवेअरसाठी लिहिलेली असते.

पायरी ४: सगळा माल चढवणं

आता पूर्ण यादी सीएसव्ही फाइलनं. इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त रात्री इथेच वाया जातात.

सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर. तिला काहीही होत नाही, होतं ते एक्सेलमध्ये उघडल्यावर. तुमचा एसकेयू ००४१७ असेल तर एक्सेल त्याला संख्या समजतं आणि ४१७ करून टाकतं. तेरा अंकी बारकोडचं '४.००६ई+१२' होतं. तुम्ही काहीच न बदलता सवयीनं सेव्ह दाबलं की शेवटचे अंक कायमचे गेले. साइझच्या रकान्यात '१०-१२' लिहिलं असेल तर त्याची तारीख होते; दहा-बारा वर्षांच्या मुलांचा शर्ट मग डिसेंबर किंवा ऑक्टोबर महिन्याचा होऊन दुकानात लटकतो. उपाय: फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूतून इम्पोर्ट करा आणि हे रकाने 'टेक्स्ट' म्हणून निवडा. एसकेयूची सुरुवात अक्षरानं केलीत, तर शून्यं गळण्याचा प्रश्नच मिटतो.

दुसरं, मराठी. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडा. नुसतं 'सीएसव्ही' निवडलंत तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येईल.

तिसरं, आधी पाच ओळींची फाइल चढवा. पाच बरोबर बसल्या की पन्नास, मग सगळ्या. आणि जुन्या मालावर नवी फाइल चढवताना रिकाम्या रकान्यांना जपा. अनेक सॉफ्टवेअरमध्ये रिकामा रकाना म्हणजे 'हे पुसून टाक' असा हुकूम असतो. फक्त किंमत बदलायची असेल तर ओळख पटवणारा रकाना आणि किंमत, एवढेच फाइलमध्ये ठेवा, वर्णनाचा रकाना काढूनच टाका. आधी एक एक्स्पोर्ट करून ठेवलेला असेलच.

पायरी ५: पैसे

ग्राहकाच्या कार्डचा नंबर तुमच्या हाती, तुमच्या ईमेलमध्ये, तुमच्या वहीत कधीही येता कामा नये. कार्ड कंपन्यांचा 'पीसीआय डीएसएस' नावाचा सुरक्षेचा नियमसंच २००४ पासून आहे आणि तो कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला लागू होतो. तयार चेकआउटमध्ये कार्डाचा रकाना गेटवेचा असतो, त्यामुळे त्यातलं जड ओझं कंपनीवर जातं. फोनवर नंबर विचारून लिहून घेतलात की ते परत तुमच्यावर आलं.

गेटवेच्या खात्याला कागदपत्रं लागतात आणि मंजुरीला दिवस जातात. म्हणून अर्ज यादीच्या कामाबरोबरच करून ठेवा. पैसे खात्यात किती दिवसांनी जमा होतात ते विचारा. माल आज गेला आणि पैसे चार दिवसांनी आले, तर मधले चार दिवस भांडवल तुमचं.

एक स्वतःची फजिती. मी उभारलेल्या सुरुवातीच्या एका दुकानात गेटवे टेस्ट मोडमध्येच, म्हणजे चाचणीच्या अवस्थेतच, राहिला. सगळी तपासणी झाली, उद्घाटन झालं, आणि दोन दिवस एकही ऑर्डर नाही. मालक जाहिरातीला दोष देत होता, मी मालकाच्या किमतींना. तिसऱ्या दिवशी अर्धवट सोडलेल्या कार्टची यादी उघडली तर त्यात ११ माणसं. सगळी कार्ड भरण्याच्या पायरीवर थांबलेली. टेस्ट मोडमध्ये खरं कार्ड नाकारलंच जातं. दोष माझा होता. तेव्हापासून टेस्ट मोड बंद केल्यावर स्वतःच्या खऱ्या कार्डानं एक खरी वस्तू घेतल्याशिवाय मी दुकान उघडत नाही.

करांबाबत एवढंच: किमती कर धरून दाखवायच्या की वगळून, हे माल चढवण्याआधी हिशेबनिसाला विचारा. मागाहून हा स्विच फिरवला की प्रत्येक किंमत चुकते.

पायरी ६: पाठवणी

पार्सलचं वजन दोन प्रकारचं असतं: काट्यावरचं आणि आकाराचं. बऱ्याच कुरिअर कंपन्या सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० नं भागतात. पेटी ४० × ३० × २० असेल तर २४,००० भागिले ५०००, म्हणजे ४.८ किलो. आत सव्वा किलोची उशी असली तरी बिल ४.८ किलोचं. ५००० ऐवजी दुसरा भाजक असेल तर आकडा बदलेल, म्हणून आपल्या कुरिअरचा विचारून घ्या. पहिल्या कागदात पेटीची मापं का घ्यायला लावली, ते आता लक्षात आलं असेल. दुकानात नुसतं काट्यावरचं वजन भरलंत तर प्रत्येक उशीमागे फरक खिशातून जाईल.

सुरुवातीला दरांचे फार प्रकार करू नका. दोन पुरे.

पायरी ७: आता थीम

सॉफ्टवेअरबरोबर फुकट येणारी घ्या. मोबाइलवर उघडून अंगठ्यानं वापरून बघा, कारण बहुतेक ग्राहक तसंच बघणार आहेत. फोटो चढवण्याआधी लहान करा. कॅमेऱ्यातून निघालेली आठ एमबीची फाइल तशीच टाकू नका. वस्तूचं वर्णन ग्राहकाच्या शंकेचं उत्तर देणारं लिहा: धुतल्यावर आटतो का, पेटीत काय काय येतं. झालं.

पायरी ८: डोमेन आणि ईमेल

डोमेन, म्हणजे दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलनं नोंदवा. डिझायनरच्या खात्यात ठेवलेलं डोमेन म्हणजे दुसऱ्याच्या नावावर घेतलेलं घर.

डोमेन दुकानाला जोडताना कंपनी साधारण दोन नोंदी सांगते: मूळ नावासाठी 'ए' रेकॉर्ड आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'साठी 'सीनेम'. त्या दोनच बदला. 'एमएक्स' रेकॉर्डला हात लावू नका, तुमचं ईमेल त्यावर चालतं. बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतर यंत्रं किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ, ३०० सेकंदांवर आणून ठेवला तर चूक झाल्यास पाच-दहा मिनिटांत मागे फिरता येतं.

ऑर्डरची पावती ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या, तीन नोंदी लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांकडून या तिन्ही मागतात. दुकान लहान असलं तरी आत्ताच करून टाका. कंपनीच्या मदत पानावर मजकूर तयार मिळतो, चिकटवायचाच असतो.

जुनी साइट असेल तर जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता नव्या पानाकडे ३०१ रिडायरेक्टनं, म्हणजे 'हे पान कायमचं तिकडे गेलं' असं सांगणाऱ्या सेटिंगनं, वळवा. सगळे पत्ते मुख्य पानाकडे वळवू नका. शर्ट शोधत आलेल्याला दारात उभं केलं तर तो परत फिरतो.

पायरी ९: स्वतःच पहिलं गिऱ्हाईक व्हा

घरातल्या, सॉफ्टवेअर कधी न पाहिलेल्या माणसाच्या हाती मोबाइल द्या आणि गप्प बसा. 'इथे दाब' म्हणायचं नाही. तो जिथे थांबतो ते लिहून घ्या.

मग स्वतः हे करा: एकच नग उरलेली वस्तू दोन मोबाइलवरून एकाच वेळी घ्यायचा प्रयत्न करा. चुकीचा पत्ता टाका. कूपन दोनदा लावा. ऑर्डर रद्द करा. अर्धे पैसे परत करा. रिफंड देताना 'माल स्टॉकमध्ये परत जोडा' अशी एक खूण असते. फाटका शर्ट परत आला असेल तर ती काढायची, न उघडलेलं पार्सल आलं असेल तर ठेवायची. ही खूण कोणी बघत नाही आणि महिनाभरानं स्टॉक जुळत नाही म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या बसतात.

दुकान उघडल्यावर

अ‍ॅपची दुकानं मोहक असतात. पहिला महिना एकही नवं अ‍ॅप लावू नका. नंतर लावताना ते कुठली परवानगी मागतंय ते वाचा. फिरत्या चकतीवर सवलत देणाऱ्या अ‍ॅपला ग्राहकांचे फोन नंबर कशाला हवेत? काढून टाकलेलं अ‍ॅपही कधीकधी थीममध्ये आपला कोड सोडून जातं आणि साइट जड होत जाते, म्हणून लावण्याआधी थीमची एक प्रत करून ठेवा.

मदतनिसाला आपला पासवर्ड देऊ नका, त्याचं वेगळं खातं काढा. पार्सल बांधणाऱ्याला ऑर्डर दिसल्या की पुरे, बँकेचा तपशील दिसायची गरज नाही. दुहेरी पडताळणी सगळ्यांना चालू ठेवा, मालकापासून सुरुवात करून.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला माल, ग्राहक आणि ऑर्डर असे तीन एक्स्पोर्ट काढून तारखेच्या नावानं सॉफ्टवेअरच्या बाहेर ठेवा. कंपनीचा बॅकअप तिचा सर्व्हर पडला तर कामाला येतो. तुम्ही चुकून पुसलेल्या दोनशे वस्तू तो परत आणून देईलच असं नाही. अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून एसकेयूच्या पुढची शून्यं जागेवर आहेत का तेवढं पाहा. आणि उघडताना डबल-क्लिक करू नका.